मागचं सील

३ फेब्रुवारी, सोमवार

नर्सबाईंची गाडी आली. बावीस वर्षं चाललेली. इंजिन चहूबाजूंनी तेल गाळतंय — वरच्या झाकणातून, पुढून, आणि मागे गिअरबॉक्सच्या तोंडाशी जे रबरी सील असतं तिथूनही. क्लचवर तेल गेलंय, चढावर गाडी नुसती घुरघुरते. सगळी सीलं, सगळी पॅकिंगं बदलायची. म्हणजे गिअरबॉक्स खाली! पाठीचे बारा वाजणार.

आप्पा म्हणाले, "मागचं सील मी बसवतो." हात थरथरतात, चष्मा नाकावर थांबत नाही. पण बापाला नाही म्हणायला जीभ रेटत नाही. बरं म्हटलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

एका सीलला दीड तास! मी दहा मिनिटांत बसवलं असतं. तेवढ्यात मी वरचं झाकण उरकलं — जुनं पॅकिंग पात्यानं खरवडलं, झाकण धुतलं, नवं पॅकिंग घालून आवळलं.

आप्पा मधूनच खडू घेऊन माझ्या मागे. त्यांची जुनी शिस्त. इंजिनाच्या कुठल्याही भोकात कचरा जाऊ नये म्हणून चिंधीचा बोळा कोंबला, की भिंतीवर एक रेघ. बोळा काढला की रेघ पुसायची. लहानपणापासून ऐकतोय. म्हटलं, "आप्पा, मी काय काल शिकायला लागलो?" हसले नुसते.

ही डबा घेऊन आली होती. घरी आल्यावर म्हणाली, "सीलची कुठली बाजू आत, ते दोनदा विसरले. मी बघत होते. आता घरी बसवा त्यांना." मी जेवत राहिलो.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

गाडी दिली. सुटलो एकदाचा.

१० फेब्रुवारी, सोमवार

परत आली! मागूनच तेल. नर्सबाई रडकुंडीला — "दादा, ऐन चढावर थांबली हो. आत पेशंट होती." तेल मोजायची डिपस्टिकसुद्धा दोन बोटं वर आलेली. दाबून बसवली.

आणि मग माझं डोकं फिरलं. "उलटं बसवलंत ना सील? तरी सांगत होतो! उद्यापासून येऊ नका तुम्ही." नर्सबाईंच्या समोर बोललो हे. बापाला! आप्पांनी हात पुसले. दाराशी गेले, भिंतीकडे बघत उभे राहिले. म्हणाले, "ती रेघ..." मी म्हटलं, "राहू द्या आता त्या रेघा!"

गेले. बोलायला नको होतं. पण बोललो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आप्पा आले नाहीत. त्यांच्या स्टुलाला चारदा अडखळलो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

एकट्यानं गिअरबॉक्स उतरवला. छातीवरच आला असता. थकलो. आता चाळिशीत नाही मी, हे कोण सांगणार मला?

सील बघितलं. सुलटंच होतं. सगळीकडून सारखं बसलेलं, कुठे तिरकं नाही. थरथरत्या हातांनी इतकं नीट! भिंग लावून तपासलं, कड कुठेही फाटलेली नाही. तरी काढून माझं नवं बसवलं.

ही म्हणाली, "म्हणजे त्यांची चूक नव्हतीच?" मी म्हटलं, "बसवताना कड फाटली होती." धडधडीत खोटं. पलीकडच्या खोलीत आप्पा जागेच होते. रेडिओ बंद होता.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सगळं जोडलं, एक चक्कर मारून आलो. मागून तेल. माझ्या सीलमधून!

जमिनीवरच बसलो. मग उठून बॉनेट उघडलं. डिपस्टिक पुन्हा वर आलेली दिसली, आणि तेव्हा कुठे टाळकं चाललं. आत हवा कोंडतेय. बाहेर पडायला वाट नाही, म्हणून ती तेलाला सीलमधून ढकलतेय. नवं असो, जुनं असो, कुठलंच सील टिकणार नाही.

वरच्या झाकणावरची, आतली हवा बाहेर सोडणारी नळी उपटली. भोकात बोळा. निळ्या चौकटीचा — माझ्याच जुन्या शर्टाचा. झाकण धुताना मीच कोंबला, आणि वरून नळी चढवून मोकळा झालो.

मान वर केली. भिंतीवर एक रेघ. अकरा दिवस समोर होती. डोळे आहेत की भोकं माझी!

बोळा काढून गाडी तासभर पळवली. थेंब नाही. नर्सबाईंना फोन करून खरं काय ते सांगितलं. रेघ मात्र पुसवेना. लाज वाटत होती.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी बोळा आप्पांच्या पुढ्यात ठेवला. म्हटलं, "चूक माझी होती. तुमचं सील चोख होतं. उद्या चला माझ्याबरोबर."

बोळा हातात घेऊन उलगडून बघितला. मग म्हणाले, "तुझं झाकण झालं तेव्हाच दिसली होती मला रेघ. रोज बघत होतो रे. मीच मारलेली. पण कशाची, ते काही केल्या आठवेना. तू ओरडायच्या आधीच ठरवलं होतं मी — आता बस."

खिशातून खडू काढून माझ्या हातात दिला.