ऋषीच्या भाजीला लागलेली हुमणी

आई, आज सकाळी परसात भेंडीची दोन रोपं माना टाकून उभी दिसली आणि तुमची आठवण आली. रोप सुकलं की लोकांना पाणी आठवतं, खत आठवतं. मला सासू आठवते. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "मेली, जिभेला हाड म्हणून नाय." नसू दे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता भ्यायचं कुणाला?

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात मी कराडकडून लग्न होऊन कोकणात तुमच्या घरी आले. हे मुंबईला गोदीत, घरात आपण दोघी, गोठ्यात एक म्हैस आणि बैलजोडी. हळद उतरायच्या आतच तुम्ही घरची रीत ऐकवलीत: पहिल्या वर्षी ऋषीच्या भाजीचे वाफे नव्या सुनेने करायचे. ऋषिपंचमीला बायकांनी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून जमीन कुदळीने खणायची, नांगर लावायचा नाही. लाल माठ, भेंडी, मका, पडवळ, अळू, सगळं त्यातच. आणि त्या दिवशी सगळ्या वाडीतल्या बायका आपल्याकडे भाजी न्यायला येणार. "सुनेच्या हाताला यश हाय का नाय, ते तेव्हाच कळतं," असं म्हणून तुम्ही निवांत सुपारी कातरायला बसलात. मी मात्र लगेच कुदळ शोधायला उठले. कारण वाडीला मी तुमची सून नव्हतेच, मी 'घाटावरची' होते. विहिरीवर काही बोलले की मागे पोरी माझी नक्कल करायच्या. भाजी फसली असती तर ते नाव जन्मभर चिकटलं असतं.

म्हणून जीव तोडून खणलं. आपली ती जांभ्याची जमीन, कुदळ मारावी तर हाताला झिणझिण्या. पण रोपं अशी तरारून आली की मीच दिवसातून चारदा बघायला जायची. आणि श्रावण लागला तशी ती माना टाकायला लागली. वरून पाऊस कोसळतोय आणि खाली रोप सुकतंय, हे मी कधी पाहिलं नव्हतं. तुम्ही लगेच निदान केलंत: दृष्ट. मीठमोहऱ्या ओवाळल्यात, वाफ्याच्या तोंडाशी जुनी चप्पल टांगलीत, शेजारणीकडे डोळे वटारून पाहिलंत. माठ जायचा तो गेलाच. शेवटी एक दिवस मी रागाने मक्याचं ताट ओढलं, तर ते अल्लद हातात आलं. खाली मूळच नाही! माती उकरते तो काय, पांढरी, जाडजूड, तपकिरी डोक्याची अळी वेटोळं करून पडलेली. एक नाही, मूठभर.

"आई, हुमणी!" मी किंचाळले.

"काय गो? साप हाय काय?"

"साप परवडला. ही मुळं खाते. आमच्याकडे उसाला लागते, माझे वडील हिच्यापायी डोक्याला हात लावून बसायचे. ही कच्च्या शेणातून येते, आई. पण मी तर खत घातलंच नव्हतं."

खड्ड्यातलं जुनं कुजलेलं खत तुम्ही मला घालूच दिलं नव्हतंत, त्यात बैलांचं शेण होतं ना! तुम्ही पदराशी चाळा करत उभ्या होतात. मग म्हणालात, "म्हशीचं वेगळं ठेवलं होतं मी, फणसाखाली. ते ऋषीला चालतं. तू दुपारची आडवी झालीस की पाटी पाटी टाकायची. तुला यश येऊ दे म्हणून गो!" आपण फणसाखालचा ढीग फोडला. आत नुसती वळवळ. हुमणीच्या भुंगेऱ्यांना अंडी घालायला अशी उबदार, ओली जागा तालुक्यात दुसरी मिळाली नसती. ऋषींचं सोवळं सांभाळता सांभाळता आपण किड्यांचं बाळंतपण केलं होतं. मी आधी चिडले, मग मला जे हसू फुटलं ते आवरेना. तुम्ही ओठ घट्ट मिटून पाहत होतात, आणि मग तुम्हीही पदर तोंडाला लावलात.

ह्यांनी गावी येणाऱ्याच्या हाती पावडरीचा डबा धाडला, तो तुम्ही "उपासाच्या भाजीत विष घालू?" म्हणत आल्या पावली परत पाठवलात. कोंबड्या सोडू म्हटलं, तर कोंबडीने उकरलेलं ऋषीला चालत नाही. मग राहिलो आपण दोघी. पावसात डोक्यावर पानांची इरली घेऊन वाफ्यात बसायचं, एकेका रोपाभोवतीची माती हाताने मोकळी करायची, अळ्या टमरेलात वेचायच्या आणि नेऊन कोंबड्यांपुढे ओतायच्या. ढीग तर पसरून सगळा त्यांच्याच हवाली केला. पहिले दोन दिवस तुम्ही चुलीतला चिमटा वापरत होतात, मग तो दिलात फेकून. वेचता वेचता तुम्ही माझ्या माहेराबद्दल विचारलंत, पहिल्यांदाच. उसाला पाणी कोण देतं, आई आठवते का. मी सांगत बसले आणि टमरेल कधी भरलं ते कळलं नाही.

पंचमी उजाडते. बायका परड्या घेऊन दारापुढच्या खळ्यात येतात. माठ नाही, मका नावाला, भेंडी चिमूटभर. अळू आणि पडवळ तेवढं बरं. मी दाराआड उभी आहे. खालच्या घरातली म्हातारी परडीत डोकावून म्हणते, "काय गो, यंदा भाजी अशी? घाटावरचीचा हात वाटतं?" तुम्ही उभ्या आयुष्यात देवापुढेसुद्धा 'चुकलं' म्हटलं नसेल. त्या तुम्ही हातातलं अळू खाली ठेवता. "कच्चं शेण मी घातलं. किडे मी पोसले, हिनं वेचले. जी काय भाजी हाय ती हिच्यामुळं हाय. आणि घाटावरची कुणाला म्हणतेस? माझी हाय ती."

मला रडू फुटलं. आनंदाने फुटलं, आई, तुम्हाला वाटलं असेल अपमानाने.

आता मी खत वर्षभर कुजवते, जूनमध्ये तिन्हीसांजेला झाडाच्या फांद्या हलवून भुंगेरे पाडते आणि रॉकेलच्या पाण्यात टाकते. आजच्या त्या भेंडीखालीही पाच-सहा अळ्या सापडल्या, वेचल्या. हे पत्र काही कुठे जायचं नाही, म्हणूनच एक लिहायचं धाडस करते. ऋषीची भाजी मला कधीच आवडली नाही. ना तेल, ना फोडणी, नुसता गिचका. त्या पंचमीला मी तीनदा मागून घेतली ती तुम्ही 'माझी' म्हणालात म्हणून. तुम्हाला वाटलं, पोरीला भाजीच आवडते. मग तुम्ही गेलात तोवर दर वर्षी तुमच्या पानातलीही मला वाढत राहिलात, आणि मी खात राहिले.