मोकळं टोक

१० नोव्हेंबर, सोमवार
शुक्रवारी सकाळी अकराला मुलीची शिष्यवृत्तीची मुलाखत. व्हिडिओवर. मध्येच लाइन तुटली तर दुसरी संधी नाही, असं पत्रात ठळक अक्षरांत. खाली आमच्या हिची शिलाई मशीन खडखडते, म्हणून मुलाखत वरच्या खोलीत. तिथे मोबाइलला रेंज नाही आणि वायफाय जिन्याच्या सातव्या पायरीवर दम सोडतं.
मुलगी म्हणाली, मामाला बोलावू. मामा म्हणजे माझा मेहुणा. नेटवर्कची कामं करतो आणि ते दर दहा मिनिटांनी सांगतो. मी म्हटलं, घरच्या कामाला बाहेरचा माणूस कशाला? ही म्हणाली, माझा भाऊ बाहेरचा कधीपासून झाला? विषय तिथेच थांबवला.
संकल्प: सगळं स्वतः करायचं. ऑफिसच्या स्टोअरमध्ये एकोणीस वर्षं काढलीत. तिथे एक दोरी लोंबताना दिसणार नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार
दुकानदाराने विचारलं, राउटर हवा, स्विच हवा की ॲक्सेस पॉइंट? सगळे डबे एका माळेचे मणी. जास्त भोकांचा द्या म्हटलं. आठ भोकांचा मिळाला. घरी आणून वर ठेवला, वायफाय शोधलं. नाही. मुलीने खोक्यावर वाचून सांगितलं, बाबा, हा स्विच आहे, याला वायफाय नसतं. मला ठाऊक होतं. तिला ठाऊक आहे का ते पाहत होतो.

संध्याकाळी ६:३०
अभ्यास केला. मॉडेम बाहेरची लाइन घरात आणतो. राउटर ती घरातल्या यंत्रांत वाटतो. आपल्याकडे दोघं एकाच डब्यात नांदतात, जिन्याखाली. ॲक्सेस पॉइंट तारेतून आलेलं नेट वायफाय करून हवेत सोडतो. स्विच तारेवरच्या यंत्रांची गाठ घालून देतो, ज्याचा निरोप त्यालाच. हब हा त्याचा जुना भाऊबंद: एकाचा निरोप साऱ्या गावाला. आमच्या ऑफिसात एक हब माझ्या शेजारीच बसतो.

१२ नोव्हेंबर, बुधवार
राउटरपासून तार वर नेली, स्विचमध्ये खोचली. स्विचमधून दुसरी तार लॅपटॉपला. चाललं! मुलगी म्हणाली, मस्त चाललंय बाबा. डोळ्यांत पाणी आलं. धूळ असेल. मेहुण्याला मुद्दाम फोन करून कळवलं. तो म्हणाला, आता हात लावू नका दाजी. जळतो माझ्यावर.
संकल्प: तरीही हात लावायचा नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
जिन्याखालच्या डब्यावर धूळ होती. फक्त पुसला. पुसताना प्लग निघाला. मुलगी तेव्हा वर मैत्रिणीबरोबर मुलाखतीचा सराव करत होती. सराव तुटला. खाली येऊन पाणी पिऊन गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मग जिन्यात बराच वेळ फोनवर होती. सराव असावा.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
सकाळी ९:४०
आंघोळीला आज वेळ लावला, दिवस मोठा. वर आलो तर लॅपटॉप टेबलावर नाही. खाली चार्जिंगला असेल. त्याच्या तारेचं टोक लोंबत होतं. मुलाखत घेणाऱ्यांना दिसलं तर काय म्हणतील? स्विचच्या एका रिकाम्या भोकात खोचून टाकलं. टापटीप.

९:५०
स्विचचे सगळे दिवे पिसाळल्यासारखे लुकलुकतायत. वेग वाढला!

१०:१०
नेट बंद. खालचं वायफायही बंद. कंपनीची गडबड असणार.

१०:३०
राउटर तीनदा बंद-चालू केला. ढिम्म. ओरडलो, पाच मिनिटं! आतल्या खोलीतून ही मशीन न थांबवता म्हणाली, सावकाश होऊ द्या. हिला गांभीर्यच नाही.

१०:४५
खिडकीतून अर्धा बाहेर वाकून मेहुण्याला फोन केला. नाक कापलं गेलं तर गेलं. उचलत नाही.

१०:५५
पोरीचं वर्ष जाणार. कंपनीमुळे नाही. माझ्यामुळे.

११:०५
माफी मागायला खाली गेलो. मुलगी नव्हती. ही म्हणाली, नऊलाच लॅपटॉप घेऊन मामाकडे गेली, मुलाखत सुरू झाली असेल. कालच ठरलं होतं. मग मला का नाही सांगितलं? तर म्हणे, बाबांनी इतक्या हौसेने केलंय, त्यांना वाईट वाटेल, असं तीच म्हणाली.
जिन्यावर जाऊन बसलो.

१७ नोव्हेंबर, सोमवार
तीन दिवस घरात नेट नाही. कोणी मला काही विचारलं नाही.
संध्याकाळी मेहुणा आला. स्विचकडे बघितलं. एकाच तारेची दोन्ही टोकं त्याच डब्यात. म्हणाला, दाजी, हा शुक्रवारपासून स्वतःशीच बोलत बसलाय. एक टोक उपसलं. घरभर नेट आलं. चार सेकंद लागले. मुलगी हसली नाही, तेच जास्त लागलं.
त्याच नेटवर तिचा मेल उघडला. निवड झाली. सगळ्यात आधी तिने मला दाखवला.
नोंद असावी: मेहुण्याला ते टोक दिसलं, कारण टॉर्च मी धरला होता.