कॅमेरा चालूच राहिला

मंगळवार, ९ तारीख

भावजी, आशीर्वाद. आम्ही सगळे बरे आहोत. तुम्हीही बरे असाल असं धरून चालते, कारण कळायला दुसरी वाटच तुम्ही ठेवली नाहीत.

फोन उचलत नाही. निरोपाला उत्तर नाही. दुसऱ्या गावच्या धावपट्टीवर बदली मागून घेतलीत, तीसुद्धा आम्हाला इथल्या विमानांच्या मेकॅनिकच्या तोंडून कळली. सख्ख्या भावाबरोबर इतकी वर्षं एका विमानात बसून पोरांना उडायला शिकवलंत, माझ्या हातचं खाऊन वर "वहिनी, मीठ कमी" म्हणत होतात, आणि जाताना कॅमेऱ्याची पिशवी दारात ठेवून मागच्या मागे पळालात. घरात काय वाघ बसला होता? मी चौथी शिकलेली बाई. अक्षर असंच आहे, लागेल तसं वाचा.

कॅमेरा परत पाठवायचा म्हणून काढला. चालतो की नाही बघायला बटण दाबलं, तर तुमचं दोघांचं शेवटचं उड्डाण लागलं.

शिकवण्यासाठी तुम्ही उडताना काढता ते व्हिडिओ मी कधी बघत नाही, नुसते ऐकते. पोरगी टीव्हीला लावून बसते, मी मशीनवर विमानाच्या सीटची कव्हरं शिवत असते. कॅमेरा मागे बांधलेला, म्हणजे दिसणार तुमच्या दोघांच्या टाळक्यांची मागची बाजू. त्यात बघायचं काय? पण हेडफोनमधलं तुमचं बोलणं वायरीतून थेट कॅमेऱ्यात जातं, त्यामुळे आवाज कसा, शेजारच्या खोलीत बोलत असल्यासारखा. आणि विमान एकमेकांच्या ताब्यात देताना तुमचं ते तीनदा म्हणणं. "तुझ्या हातात." "माझ्या हातात." "तुझ्या हातात." पोरगी मला भांडं देतानाही तेच म्हणते आणि मी उलट म्हटल्याशिवाय भांडं सोडत नाही. वेडी आहे.

तर या व्हिडिओत तुमचे दादा तिच्यासाठी बोलत होते. "आता बघ पोरी, नदी डाव्या हाताला ठेवायची आणि". इथे थांबले. पुढे काही नाहीच. मग तुम्ही, "दादा?" मग जोरात, "दादा!" मग, "माझ्या हातात." भावजी, समोरून कोणी दिलंच नव्हतं. तुम्ही आपणहून घेतलंत. यांचं डोकं खिडकीला टेकलेलं, आणि तुम्ही एका हाताने विमान धरून दुसऱ्या हाताने यांचा खांदा हलवताय. बराच वेळ. मग डोकं सरळ झालं आणि यांचा आवाज आला, जड, नुसतं "कॅमेरा."

तुमचा हात मागे आला आणि गिरणीत उभं राहिल्यासारखी घरघर सुरू झाली. मला वाटलं, बिघडला. पोरीला आडून विचारलं. म्हणाली, "आई, वायर उपटली तर कॅमेरा बंद नाही होत गं. तो मग स्वतःच्या कानाने ऐकतो, इंजिनच ऐकू येतं." का विचारतेस म्हणाली. म्हटलं, असंच.

म्हणजे वायर उपटलीत आणि तुम्हाला वाटलं झालं काम. चित्र चालूच राहिलं. त्या घरघरीत तुम्ही दोघे बोलताय. बोलताय कसले, भांडताय, हात दिसतात ना. शेवटी यांनी तुमचं मनगट धरलं आणि तुम्ही मान हलवलीत. हो म्हणून. कशाला हो म्हणालात? आणि विमान उतरेपर्यंत यांचे हात मांडीवर होते.

यांना विचारलं. आधी म्हणाले, "डुलकी लागली होती." दुसऱ्या दिवशी आपणहून म्हणाले, "अगं, नाटक होतं ते. मास्तर बेशुद्ध पडला तर काय करायचं, ते पोरीला दाखवायचं होतं." मी म्हटलं, "दाखवायचं होतं तर आवाज का बंद केलात?" ताट सरकवून उठले. "तुला काय कळतंय त्यातलं?"

नाहीच कळत. डोकं भणाणून गेलंय. एकदा वाटतं, दमलेला माणूस, उन्हात डोळा लागला असेल. एकदा वाटतं, नाटकच असेल, तुम्ही दोघे लहानपणापासून सोंगाडे. मग वाटतं, नाटक झाल्यावर कोणी गाव सोडून जातं का? मशीनवर बसते तर शिवण वाकडी जाते. उसवते, परत घालते, परत वाकडी.

आणखी एक आहे. लिहू नको, लिहू नको म्हणत इथवर आले. तुम्ही गेल्यावर एकदा जेवताना हे असेच थांबले. घास हातात, डोळे भिंतीवर. मी हसले. "काय हो, विमान कुठे उतरवलंत?" बोलेनात. मग एकदम मघाचं अर्धं वाक्य पुरं केलं, जणू मध्ये काही झालंच नाही. मी पण वाढत राहिले. त्याला मी तंद्री म्हणते. मनातल्या मनातही तंद्रीच म्हणते.

डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणतात, "लायसन्स गेलं की मी काय, कव्हरं शिवू?" आता मी आरडाओरडा केला आणि ती साधी डुलकी निघाली, तर बापलेक जन्मभर माझ्याशी धड बोलणार नाहीत. आणि गप्प बसले तर, ते लिहीत नाही.

येत्या शनिवारी सकाळी पोरगी पहिल्यांदा विमान चालवणार आहे. शेजारी हे. तिसरं कोणी नाही. आरशासमोर हेडफोन लावून बघते, कोणाशी तरी बोलते. काल मलाच धीर देत होती, "घाबरू नकोस आई, उतरवायचं काम बाबांचं. मला अजून येत नाही."

भावजी, तिला उतरवता येत नाही.

मेकॅनिक हे पत्र घेऊन येतोय. सामान घेऊन तो शुक्रवारी दुपारी परत निघेल, त्याच्याजवळ उत्तर द्या, नाहीतर त्याच्या गाडीत बसून स्वतः या. डुलकी होती, नाटक होतं, की तिसरं काही, एवढंच सांगा. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नका. दादांना शब्द दिला असेल, तर दिला तेव्हा पोरगी त्या विमानात बसणार हे ठरलेलं नव्हतं.

शुक्रवारी अंधार पडेपर्यंत वाट बघीन. उत्तर आलं नाही तर तेच उत्तर समजेन, आणि शनिवारी धावपट्टीवर आडवी उभी राहीन. लोकांना हसायचं तर हसू देत.

शुक्रवार, भावजी.

पोरीची आई