मुर्ध्याच्या वाटेचा ग्राफ

भाईंदर, सोम. ३ फेब्रुवारी १९४१
ह्यांचं चालणं आजपासून सुरू. डॉक्टर म्हणाले, रोज थोडं चाला, चढ मात्र टाळा, काळीज अजून नाजूक आहे. १ मार्चला मिठागराच्या कचेरीत हजर व्हायचंय, नाहीतर जागा दुसऱ्याला. कचेरी मुर्ध्याच्या वाटेवर, तारेच्या बाराव्या खांबाशी. मागच्या दारातून सगळे खांब दिसतात. दर पाच मिनिटांनी ह्यांची छत्री कुठल्या खांबाशी आली ते लिहून ग्राफ काढणार. वेळ आडवी, खांब उभे. मॅट्रिकचं शिक्षण वाया का घालवावं? जुन्या वहीत कोरी पानं आहेतच.

बुध. ५, सायं. ५।।
वीस मिनिटांत आठ खांब. रेघ काढून बघते तर केवढा चढ, घाटच. ह्यांना म्हटलं, असलं चढू नका. हे म्हणाले, अगं, वाट सपाट आहे. ह्यांना ग्राफ कळत नाही. हळू चालायची शपथ घातली. मी मारुतीला नारळ बोलले.

सोम. १०
पाच खांब. चढ पुष्कळ उतरला. मारुती पावला.

रवि. १६
तीन खांब, मग रेघ आडवी. घाट संपला, माळ लागला. ह्यांना दाखवलं. हसले, मग बराच वेळ धाप.

गुरु. २०
दुसऱ्या खांबाशी पंधरा मिनिटं रेघ पट्टीने आखल्यासारखी. उत्तनची भाजीवाली लूर्डसबाई दारात येऊन म्हणाली, "बाय, तुजा घरवाला खांबाला टेकून बसलाय. बोलला, घरी सांगू नको." तिला म्हटलं, ग्राफ तसं म्हणत नाही. शिकलेली नाही बिचारी.

शनि. २२
डॉक्टर आले. वही पुढे केली. सगळी पानं बघितली, मग म्हणाले, "बाई, हा रस्त्याचा चढ नाही. रेघ चढते तेव्हा माणूस पुढे जात असतो. आडवी झाली म्हणजे माणूस थांबलाय, घड्याळ तेवढं चालतंय." विचारलं, माझ्या शपथेमुळे का? नाही म्हणाले. दम आपोआपच संपत होता.
म्हणजे ह्यांचं थकणं रोज माझ्याच हाताने लिहीत होते.

शनि. १ मार्च
हे अंथरुणात. कचेरीत दुसरा माणूस रुजू झाला म्हणे. दुपारी हे म्हणाले, "आजचा ग्राफ नाही काढलास?" मी वही घेऊन ह्यांच्या उशाशी बसले. पाच मिनिटं, शून्य. दहा, शून्य. वीस, शून्य. टिंबं सगळी खालच्या रेघेवरच पडली. जोडायला वेगळी रेघ लागलीच नाही. ह्यांनी विचारलं, चढ किती?
म्हटलं, अजिबात नाही.