पाळण्याचा हूक

आई, आज दुपारी तुझी पेटी उघडली. हातोडी, पक्कड, पाना, दोन स्क्रू ड्रायव्हर, मोजपट्टी, टेस्टर. सगळं तू ठेवायचीस त्याच क्रमाने आहे, मी तो मोडू दिलेला नाही. "ड्रिल मशीन शेजाऱ्याची चालते, टेस्टर आपलाच पायजे," असं तू म्हणायचीस, म्हणून मशीन शेजारच्या काकांकडून आणली. सीवूड्सची ही एक खोली आता आमची स्वतःची आहे आणि तिच्या छताला मला पाळण्याचा हूक लावायचा होता. मुलगी अकरा दिवसांची झाली. उद्या बारसं, तेही आमच्याकडेच. "माणूस बोलवा ना," बायको म्हणाली. "तीन दिवस नुसतं छत मोजताय." खरंच होतं ते. निसटला तर, एवढंच डोक्यात फिरत होतं.

वर बघता बघता तुर्भ्याची आपली खोली दिसू लागली. कारखान्याच्या टूलरूममध्ये दिवसभर तू कामगारांना हत्यारं काढून द्यायचीस आणि घरी आलीस की घरातली दुरुस्तीही तुझीच. बाबांनी हातोडी उचलली की म्हणायचीस, "ठेवा ती. मागच्या खेपेला तुमचं बोट गेलं, आता आमचं कपाळ जाईल." बाबा हसत चहा टाकायला जायचे. एकदा मी नळाचा नट पक्कडीने पिळला, तेव्हा कणकेच्या हातांनी तू माझं मनगट धरलंस. "पाना कशाला हाय मग? कडा गोल केल्यास बघ. तुझा कान असा पिळू?" कणीक माझ्या मनगटावर वाळली. मी ती बराच वेळ धुतली नाही.

आणि मग तू कपड्यांच्या दांडीसाठी हूक लावतेस. भोकातला भुगा सायकलच्या पंपाने उडवतेस. "भुगा राहिला तर आत काय धरत नाय." हूक धरणारा फास्टनर भोकात ठोकतेस, पाना फिरवतेस, पदर खोचतेस आणि स्वतःच हुकाला लोंबकळतेस. पाय जमिनीपासून वीतभर वर, अंगाला हलकासा झोका. "बघतोस काय? लावनाऱ्याने आधी लटकायचं." माझ्या आठवणीत तू अजून खाली उतरलेलीच नाहीस.

तू गेलीस, नववीत माझी शाळा सुटली, पण हे राहिलं. आज मी भुगा उडवला, तोही दोनदा. पाना फिरवला. डोळे मिटून लटकलो. खाडीकडून वारा येत होता, त्यात दिवाळे गावातल्या वाळत्या मासळीचा वास होता, आणि खाली जमीन आहे की नाही हेच कळेना.

"उतरा आता," बायको दारातून म्हणाली. "बारसं तुमचं नाहीये."

हूक केसभरही हलला नव्हता.

आता बायको झोपली आहे आणि पाळणा रिकामाच हलतोय. अक्षर वाकडं आलं असेल. कागद दाबायला डावा हात मोकळा नाही, त्यावर मुलगी झोपली आहे. बायकोला सांगितलंय की हूक उद्यापर्यंत तपासावा लागेल. हा कागद कुठे जाणार नाही, म्हणून तुला खरं सांगतो. हूक पक्का आहे, आई. मलाच तिला खाली ठेवायचं नाहीये.