धावड्याचा डिंक आणि आशाबाईवरचा आळ

मी, सोजराबाई इंद्रभान मापारी, वय त्र्याहत्तर, धंदा शेती आणि सुजेवर लेप देणे, राहणार जानेफळ, तालुका मेहकर, जिल्हा बुलडाणा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला असून तो सोबत टाचला आहे. डोके ठिकाणावर असूनही मी चौदा वर्षे जशी वागले, त्याचा दाखला कोणी देणार नाही, म्हणून तो मीच पुढे देत आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. जिचा दाब होता ती माझी सासू सत्यभामाबाई पंचवीस वर्षांपूर्वीच गेली. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

वकीलसाहेब म्हणाले, यात कहाण्या लिहू नका, फक्त कोणाला काय ते लिहा. मी सातवी पास आहे, मला ते समजले. पण कोणाला काय आणि कशापायी, हे लिहिल्याशिवाय माझा जीव निवणार नाही.

१) पती कै. इंद्रभान यांच्या पश्चात माझ्या नावे झालेले जानेफळ येथील टिनाचे घर आणि दोन एकर कोरडवाहू शेत मुलगा शेखर यास द्यावे. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, निर्गुडीची रांग आहे. ती त्याने तोडू नये, कोणाला तोडू देऊ नये.

२) शेजारचे अर्जुनराव यांना काहीही नाही. निर्गुडीला शेळीसुद्धा तोंड लावत नाही, पण अर्जुनराव दरवर्षी कुंपणासाठी तिला कोयता लावतात आणि विचारले तर "वारं आलं होतं, काकू" म्हणतात. मी गेल्यावर वाऱ्याचा बंदोबस्त शेखरने करावा.

३) पोस्टात जी ठेव आहे ती माझ्या तेरवीला लावावी. जेवण साधे असावे आणि कोणी भाषण करू नये. माझ्याबद्दल जे खरे आहे ते पुढच्या दोन कलमांत आहे, तेवढे मोठ्याने वाचले तरी पुरे.

४) आमच्या घरात सांध्याच्या सुजेवर लेप देण्याची चाल चार पिढ्यांची आहे. दुसरबीडपासून खामगावपर्यंतची माणसे गुडघा धरत आमच्या ओट्यावर येत. लेप फुकट द्यायचा, फक्त नारळ घ्यायचा, आणि कृती घराबाहेर सांगायची नाही, असा नेम. औषध फोडले की त्याचा गुण जातो, असे सत्यभामाबाई सांगत. त्यांनी आम्हा दोघी सुनांना, म्हणजे मला आणि माझ्या दिराची बायको आशाबाई हिला, चुलीसमोर बसवून हे काम शिकवले. पाला वाटणे आणि लेप बांधणे माझ्याकडे. धावड्याचा डिंक रात्रभर भिजत घालणे, फडक्यातून गाळणे आणि मंद आचेवर एकाच बाजूने घोटत बसणे आशाबाईकडे. माझे काम लोकांसमोरचे होते, तिचे चुलीजवळचे. त्यामुळे गुण माझ्या हाताचा आहे असे लोक म्हणत आणि मी ते खरे धरले.

२०११ साली घरात मिक्सर आला. डिंकाने त्याचे भांडे चिकटायचे. शिवाय लेप काढताना केस उपटतात अशी माणसांची कुरकुर होती. मी डिंक बंद केला. माझ्या लेखी औषध म्हणजे निर्गुडी, सालईचा गोंद आणि हळद; धावड्याचा डिंक नुसता चिकटपणापुरता. आशाबाईने तेव्हाच सांगितले होते, "बाई, डिंकाबिगर हा लेप टिकत नाही. बंद नोको करू." मी म्हटले, "तुले चुलीजवळ बसाले पाहिजे म्हणून सांगून राह्यली काय?" ती नेहमीच लवकर गप्प होई, हा तिचा गुण मी तिचा कावा समजत होते.

चार-पाच महिन्यांत माणसे परत येऊ लागली. लेप लावला की तासभर आग होते, मग बरे वाटते, आणि पहाटे ठणका पुन्हा जसाच्या तसा. गावात बोलले जाऊ लागले की सोजराबाईच्या हाताचा गुण गेला. मला रात्रभर झोप लागेना. त्याच सुमारास आशाबाईच्या भावाने दुसरबीडला रस्त्याच्या कडेला सांधेदुखीच्या तेलाचे दुकान टाकले. मला जे हवे होते ते सापडले. आशाबाईची मुलगी प्रेरणा हिच्या साखरपुड्यात, वरपक्षाची माणसे ताटावर बसलेली असताना, मी उभी राहून म्हणाले, "हिनं घरचं औषध माहेरी फोडलं. हिच्यापायी गुण गेला."

आशाबाईने हातातले वाढपाचे भांडे खाली ठेवले आणि एवढेच विचारले, "काऊन व बाई? आजच काऊन?" प्रेरणाचे लग्न मोडले नाही, ती माणसे भली निघाली. पण महिन्याभरात माझे दीर भाऊराव आणि आशाबाई घर सोडून खामगावला गेले. भाऊराव वारले तेव्हा मी गेले, पण तिच्याजवळ बसले नाही, दारातून परत आले. चौदा वर्षे आमचे बोलणे नाही.

५) आता खरे काय ते. माझी नात अनुपमा औषधशास्त्राच्या कॉलेजात शिकते. तिचा विषय असा की औषध एकदम न सांडता शरीरात हळूहळू कसे सोडायचे. याला ते कंट्रोल्ड रिलीज म्हणतात. गेल्या वर्षी तिने कॉलेजसाठी आमच्या लेपाची कृती मागितली. मी म्हटले, गुण गेलेल्या औषधाची कृती लपवून तरी काय करू, घे. ती पोरगी चौकस, तिने विचारले की पणजीच्या वेळी यात आणखी काय पडत होते. मी डिंकाचे सांगितले.

तिने दोन लेप केले, एक माझा आणि एक सासूबाईंचा. काचेच्या भांड्यात खाली पाणी, वर कातडीसारखा पातळ पडदा, त्यावर लेप. दर तासाला खालचे पाणी काढून औषध किती उतरले ते मोजायचे. माझ्या लेपाचे जवळजवळ सगळे औषध दीड तासात खाली उतरून बसले. डिंकाच्या लेपातून ते दहाव्या तासालाही थोडे थोडे उतरत होते. तिने दोन रेघांचा कागद आणून माझ्यापुढे धरला.

मी विचारले, "मंग आशीनं फोडलं म्हणून गुण गेला नाही?"

ती म्हणाली, "गुण गेलाच नाही आजी. औषध तेच हाय. डिंक त्याले धरून ठेवते अन् थोडं थोडं सोडते. तू डिंक काढला, तर ते एकदमच सुटून गेलं."

मी तिथेच पदर तोंडाला लावून रडले, आणि त्यात दुःखापेक्षा सुटका जास्त होती. चौदा वर्षे मला वाटत होते की आपल्या हातावर कसला तरी कोप आहे. कोप नव्हता, मिक्सर होता. नाचता येईना अंगण वाकडे, अशी माझी गत. मी माझी चूक आशाबाईच्या पदरात बांधली आणि ती बिचारी ती घेऊन परगावी गेली. तिने काहीही फोडले नव्हते. तिच्या भावाच्या तेलाचा आमच्या लेपाशी संबंध नव्हता. हे मी शुद्धीवर लिहीत आहे आणि हे कलम जानेफळच्या ग्रामपंचायतीसमोर वाचावे. आळ चारचौघांत घेतला होता, तो चारचौघांतच उतरला पाहिजे.

६) सत्यभामाबाईंची सोन्याच्या पुतळ्यांची माळ दोघी सुनांची होती. ती मी एकटीने ठेवून घेतली. ती पूर्ण माळ आशाबाई भाऊराव मापारी हिला द्यावी. तिने घेतली नाही तर तिच्या उंबऱ्यावर ठेवून यावे.

७) लेपाची कृती अनुपमा हिला देत आहे, आणि लपवायची नाही म्हणून इथेच लिहिते. निर्गुडीचा पाला दोन मुठी, सालईचा गोंद सुपारीएवढा, हळद चमचाभर, धावड्याचा डिंक मूठभर रात्री भिजवून गाळलेला. तार येईपर्यंत घोटून एरंडाच्या पानावर पसरून बांधणे. घोटायचे किती ते कागदावर उतरत नाही, ते आशाबाईच्या मनगटाला माहीत आहे. अनुपमाची अट आहे, तीही लिहिते: काचेच्या भांड्यातले खरे म्हणजे माणसातले खरे नव्हे, ते अजून तपासायचे आहे. सांधा लाल आणि गरम असेल, ताप असेल, तर लेप न लावता दवाखान्यात पाठवावे. या लेपाने दुखणे मुळासकट जाते असे माझ्या नावावर कोणी सांगू नये. तसे मीही सांगत होते.

पुरवणी, दुसऱ्या दिवशी लिहिलेली. काल मजकूर पूर्ण झाला आणि शेखरला तो कागद घेऊन खामगावला पाठवले. त्याने आशाबाईला पाचवे कलम वाचून दाखवले. आज दुपारी मेहकरला वकीलसाहेबांच्या बैठकीत आम्ही बसलो असताना ती शेखरच्या मागून आली. तिचेच गुडघे आता धरलेले आहेत, तीन पायऱ्या चढायला तिला वेळ लागला. मी उठले. मी म्हणाले, "आशे, चुकलं माझं."

ती म्हणाली, "हाव. चुकलंच." आणि माझ्या शेजारी बसली. मग वकीलसाहेबांना म्हणाली, "साक्षीदार कोण कोण हायेत?" त्यांनी तुळशीराम वायाळ यांचे नाव सांगितले, दुसरा अजून ठरायचा होता. ती म्हणाली, "मंग मी करतो सही."

वकीलसाहेबांनी समजावले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्ष घालू नये, पुढे वाद निघतात. माळ घ्या किंवा सही करा. मी म्हटले, माळ घे, ती तुझी आहे. ती म्हणाली, "माळ मले नोको बाई. माह्या नावावर जे लागलं होतं ते या कागदानं पुसलं. त्या कागदावर माही सही पाहिजे."

म्हणून सहावे कलम माझ्या हाताने काट मारून रद्द केले आहे, काट मारल्याजागी माझी सही आहे. माळ अनुपमाला द्यावी. बाकी सर्व मजकूर कायम. माझ्या डोक्यावरचे ओझे उतरले आहे. यापुढे मरण केव्हा येते ते त्याचे त्याने पाहावे.

मी हे पूर्ण वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही केली आणि त्या दोघांनी माझ्यासमोर केली.

ठिकाण: मेहकर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

लिहून देणार:
सोजराबाई इंद्रभान मापारी (सही)

साक्षीदार १:
तुळशीराम गणपत वायाळ, निवृत्त पोस्टमास्तर, जानेफळ (सही)
लिहून देणारास किती वर्षांपासून ओळखता: तीस वर्षे.

साक्षीदार २:
आशाबाई भाऊराव मापारी, खामगाव (सही)
लिहून देणारास किती वर्षांपासून ओळखता: सत्तेचाळीस वर्षे. मधली चौदा धरून.