दारावरची जप्तीची नोटीस

प्रिय सुमेधाचे बाबा,

तुम्हाला जाऊन सात महिने झाले. आज लिहायला बसले, कारण पंधरा दिवसांपूर्वी आपल्या दारावर नोटीस चिकटवून गेले. तेव्हापासून दार वाजलं की मी उघडायला धजत नाही.

सोसायटीचा मेंटेनन्स तुम्ही तीन वर्षं भरलाच नव्हता? मला वाटायचं, बुलडाण्यात आपला फ्लॅट आहे, निदान ती एक काळजी मिटली. आता सहकार खात्याच्या निबंधकांकडून थकबाकी वसुलीचा दाखला निघालाय. तो कोर्टाच्या हुकुमासारखाच असतो म्हणे. पैसे भरले नाहीत तर घर जप्त.

सुमेधानं नोटीस दोनदा वाचली. "आई, आपल्याले बाहेर काढतीन काय?" मी नोटीस तिच्या हातून घेतली आणि घडी करून पर्समध्ये ठेवली.

गच्चीचं पाणी आपल्या खोलीत झिरपायचं, हे खरं. "आधी गळती थांबवा, मंग पैसे," हे तुमचं भांडणही मला पटायचं; दोन-चार महिन्यांचे थांबवले असतील, असं वाटलं होतं. पण नोटिसा येत होत्या, हे का नाही सांगितलं? कपाटात चार पाकिटं सापडली, एकही फोडलेलं नाही. तुम्हीही घाबरला होतात का?

वकीलबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "ताई, गळतीची तक्रार वेगळी करायची असते, त्यासाठी मेंटेनन्स थांबवता येत नाही. वर दाद मागता येईल, पण आधी निम्मी रक्कम भरावी लागेल. नाहीतर कमिटीकडे हप्ते मागा. जे ठरेल ते लेखी घ्या."

निम्मी रक्कम कुठून आणू? सेक्रेटरींच्याच दारात गेले, ज्यांच्याशी तुम्ही बोलणं टाकलं होतं. त्यांनी आत बसवलं.

"वहिनी, मले बी हे बरं नाही वाटून राह्यलं," ते म्हणाले. "दहा हप्ते करू. व्याजाचं कमिटीत बोलतो. पण एक बी हप्ता चुकला, तर जप्ती माझ्या हातात नाही."

काल लेखी झालं. पहिला हप्ता तुमची स्कूटर विकून भरला. रागावू नका. दुसरा शिवणकामातून निघेल. तिसऱ्याचं अजून काहीच सुचत नाही, आणि तो आकडा डोळ्यांपुढून हलत नाही.

तरी एक शब्द देते. हप्ता जमणार नसेल, तर तारखेच्या आधी मीच जाऊन तसं सांगेन. कितीही भीती वाटली तरी दाराआड लपून बसणार नाही.

जय भीम.

तुमची,
शोभा